काळे आणि मातकट

लग्न होऊन मी वैरागहून सोलापुरात शुक्रवार पेठेत आले, तेव्हा सासरच्या प्रत्येक कोनाड्यात छोट्या छोट्या बाटल्या दिसल्या. औषधं असतील असं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं, तर एकेका बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवलेला एकेक कोळी. हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि कोळी जमवायचे. तेही सगळे नव्हेत, फक्त उड्या मारणारे. जाळं न विणता भिंतीवर दबा धरून माशीवर झेप घेणारे. शेजारी हातमागावर बसणारी एक तेलुगू बाई होती. तिच्या भाषेत कोळ्याला विणकर किडाच म्हणतात. हा कोळी जाळं विणतच नाही, असं मी सांगितलं, तेव्हा तिनं काळजीनं विचारलं होतं, मग ह्याचं पोट कसं चालतं?

माझे वडील सोनार. नथीची, बुगडीची नक्षी घडवण्याआधी कागदावर काढायची, हे काम लहानपणापासून माझ्याकडे असे. यांना ते कळलं, तेव्हा एका रविवारी शाळेतून आणलेला सूक्ष्मदर्शक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "याचं तोंड काढून दाखवशील?"

मी डोळा लावला आणि दचकलेच. समोरून चार डोळे माझ्याकडे बघत होते. मधले दोन टांग्याच्या दिव्यांसारखे मोठे, बाजूचे दोन लहान. आणखी चार डोक्यावर, त्यातले दोन तर सुईच्या टोकाएवढे. डोळ्यांच्या या मांडणीवरूनच हे कूळ ओळखायचं, असं यांनी समजावलं. तोंडापाशी जबडे, आणि जबड्यांच्या दोन्ही बाजूंना पायांसारखे दिसणारे दोन आखूड अवयव. वयात आलेल्या नराच्या या अवयवांच्या टोकाला गाठ असते. त्या गाठीची घडण प्रत्येक जातीत निराळी, जशी प्रत्येक कुलपाची किल्ली निराळी. मादीला गाठ नसते. तिची खूण पोटाखाली. जाती ठरवायच्या त्या या खुणांवरून.

त्या दिवसापासून चित्रं मी काढू लागले. हे ती चित्रं आणि कोळी दूरच्या एका संग्रहालयातल्या तज्ज्ञांकडे पाठवायचे. ते वयस्क साहेब होते आणि त्यांचा शब्द यांना वेदवाक्य होता. आमच्या परसातल्या कोळ्यांच्या त्यांनी दोन जाती ठरवल्या होत्या. एक काळी, पाठीवर पांढरा पट्टा असलेली. दुसरी मातकट, ठिपक्यांची. दोघींना त्यांनी एका गटातही ठेवलं नव्हतं.

एका दिवाळीच्या सुट्टीत त्या दोन्ही जातींची चित्रं करायची म्हणून मी सगळ्या बाटल्या खाली काढल्या. काळे काढत गेले, प्रत्येकाला गाठ. मातकट काढले, एकालाही नाही. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. काळ्यांत एकही मादी नव्हती, मातकटांत एकही नर नव्हता.

ही एकाच जातीची नर-मादी असतील, असं यांना सांगितलं, तर हे म्हणाले की योगायोग असेल. साहेबांचा सगळा जन्म याच कामात गेला आहे.

"त्यांनी हे कोळी जिवंत पाहिलेत कधी?" मी विचारलं.

हे बाटल्या परत कोनाड्यात लावू लागले. पण कोळी पाळायचा माझा बेत सांगितला, तेव्हा नाहीही म्हणाले नाहीत.

मार्गशीर्षात परसातल्या लिंबाच्या एका दुमडलेल्या पानात मातकट मादी सापडली. पांढऱ्या रेशमाच्या पिशवीत अंडी घालून ती राखण करत बसली होती. पानासकट तिला मी कंदिलाच्या काचेत ठेवलं आणि दोन्ही तोंडांना मलमल बांधली. सासूबाई अक्कलकोटकडच्या. कोळ्याला त्या कानडीत 'जेड' म्हणत. जेड पाळणारी सून मी पहिल्यांदाच बघतेय, एवढंच त्या म्हणाल्या.

तीनेक आठवड्यांनी पिल्लं बाहेर आली, तिळाएवढी, तीस-बत्तीस. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातील, म्हणून शाळेतल्या शाईच्या रिकाम्या दौती धुऊन एकेकाला एकेक घर दिलं. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांवर चिलटं धरायची आणि रोज वाटायची. पिल्लं कात टाकत वाढत होती, आणि मरतही होती. फाल्गुनापासून ऊन तापलं. दौतींभोवती ओली फडकी गुंडाळून मी बसायची, तरी सकाळी एखादं पाय आखडून पडलेलं असायचं. शेवटी सातच उरली, आणि सातही मातकट. सासूबाई आता मला न विचारता फडकी भिजवू लागल्या होत्या, पण मला धीर राहिला नव्हता. आपण उगाच शहाणपणा केला असं वाटू लागलं होतं.

मग एका कातीनंतर तिघांच्या तोंडाजवळचे ते अवयव फुगले. रंग मात्र तोच. मी कुणाला काही सांगितलं नाही.

चैत्रात शाळा सकाळची झाली होती. एके दिवशी चिलटं घालायला दौत उचलली, तर आत एका धाग्यावर मातकट कात लोंबत होती आणि तिच्याखाली कोवळे पाय सुकवत एक कोळी बसला होता. काळा. पाठीवर पांढरा पट्टा. दौत मी अलगद खाली ठेवली. चार दिवसांत दुसरा काळा झाला, मग तिसरा. उरलेल्या चौघी कात टाकूनही मातकटच राहिल्या, आणि त्यांच्या पोटाखाली मादीची खूण उमटली.

शेवटची मादी वयात आली त्या दुपारी हे घरी आले, तेव्हा मी पाटावर मधोमध पिल्लांच्या आईची काच आणि भोवती सात दौती मांडून ठेवल्या होत्या. टोपीही न काढता हे भिंग घेऊन बसले.

"हे तीन काळे कुठून आणलेस?"

"आणले नाहीत. हिचेच आहेत."

यांनी एकेक दौत उचलून पाहिली, साठवलेल्या काती पाहिल्या. मग भिंग खाली ठेवून मोठ्यानं हसू लागले आणि सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "आई, साहेब चुकले. हिनं त्यांना चूक ठरवलं."

कोळी, काती आणि माझी चित्रं क्रमानं बांधून पार्सल गेलं. सोबतच्या पत्रात यांनी स्पष्ट लिहिलं की पाळणं आणि चित्रं, दोन्ही पत्नीचं काम आहे.

उत्तर श्रावणात आलं. साहेबांनी चूक मोकळ्या मनानं कबूल केली होती. दोन नावांपैकी आधी दिलेलं राहील, दुसरं खोडलं जाईल, आणि माझी चित्रं त्यांच्या निबंधात छापली जातील. सासूबाईंनी ते पत्र यांच्याकडून मराठीत वाचून घेतलं, मग शेजारच्या तेलुगू बाईला बोलावून पुन्हा वाचायला लावलं.

पुढच्या वर्षी छापील निबंध आला. एकाच पानावर काळा आणि मातकट, शेजारी शेजारी, आणि खाली इंग्रजीत माझं नाव. ती अक्षरं मला वाचता येत नव्हती. यांनी एकेक अक्षर बोटानं दाखवलं, आणि मी ते त्याच दिवशी गिरवून शिकले.

त्यानंतर हेडमास्तरांनी मला मॅट्रिकच्या वर्गापुढे बोलायला बोलावलं. मराठी चौथी झालेली बाई हायस्कुलात काय शिकवणार, असं कुणीतरी म्हणाल्याचं कानावर आलं होतं. मी पदर खोचला आणि फळ्यावर आठ डोळे काढले, एकही न पुसता. हे मागच्या बाकावर मुलांमध्ये बसले होते आणि वहीत उतरवून घेत होते.