उंचीप्रमाणे लावलेली पुस्तकं

दुष्काळाच्या वर्षी मुलांना खायला वाटायच्या सुकडीची पोती ठेवायला शाळेने लायब्ररीची खोली घेतली. पुस्तकं दुसऱ्या खोलीत गेली. त्या सोमवारपासून लायब्ररीच्या गुरुजींना पुस्तक सापडलं नाही.

त्याआधी गुरुजींना पुस्तक शोधताना कुणी पाहिलंच नव्हतं. मिरजगावजवळच्या त्या हायस्कुलात मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा मुलांनी मला त्यांची हीच ओळख करून दिली. नाव सांगितलं की गुरुजी उठत, कपाटात हात घालत आणि नेमकं तेच पुस्तक बाहेर येई. "पुस्तकाला आपलं घर असतं, बाई," ते म्हणत. "पाहुणं म्हणून कुठंही जाऊ द्या, मुक्कामाला आपल्याच खणात आलं पाहिजे."

पुस्तक नेणाऱ्याने आपलं नाव आपल्या हाताने वहीत लिहायचं आणि पहिलं पान गुरुजींना मोठ्याने वाचून दाखवायचं, असा त्यांचा दंडक होता. आम्हा शिक्षकांना त्या शिस्तीचं कौतुक वाटे. वाचन चालू असताना ते डोळे मिटून बसत. पान संपवून कुणी थांबलं की म्हणत, "थांबलास का? उलट की."

घरचं ते फारसं बोलत नसत. एकुलती मुलगी नगरला दिलेली, घरी दोघंच. एकदा म्हणाले, "हिला हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळं भांडण होत नाही. म्हातारपणाचा तेवढा एक फायदा."

"आणि तुमचं काय कमी झालं?" मी विचारलं.

"माझं? माझी घाई कमी झाली."

मी हसले होते.

सुकडी आली तेव्हा हेडमास्तर संकोचत त्यांच्याकडे गेले. शाळेत पोती मावतील अशी दुसरी खोली नव्हती. मुलं वर्गात भोवळ येऊन पडत होती. "पोरांच्या पोटापुढं पुस्तकांचं काय घेऊन बसलात? न्या खोली," गुरुजी म्हणाले. "फक्त पुस्तकं मी येऊन माझ्या हातानं लावीन."

पण म्हाताऱ्या माणसाला वाकावं लागू नये म्हणून नववीच्या मुलींनी रविवारीच कपाटं हलवली, पुस्तकं पुसली आणि उंचीप्रमाणे ओळीत लावली. सोमवारी त्या दारातच उभ्या होत्या. "गुरुजी, बगा की! देव्हाऱ्यावानी दिसतंय का न्हाई?"

गुरुजींनी एका खणावरून हात फिरवला. हात थांबला. "लई छान, पोरींनो," ते म्हणाले.

तेवढ्यात पाचवीतल्या एकाने गोष्टीचं पुस्तक मागितलं. गुरुजींनी काढून दिलं.

"गुरुजी, ह्ये भूमितीचं हाय."

दुसरं दिलं. तेही वेगळंच निघालं. मुलं हसली. गुरुजीही हसले आणि कपाटात हात तसाच ठेवून उभे राहिले.

मुलं वर्गात गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगून टाकलं होतं. "जागा ठाऊक होत्या तोवर मला दिसत होतं, बाई. पोरींना काही बोलू नका. त्यांनी मायेनं केलंय."

कुणाला बोलणार? मुली चुकल्या नव्हत्या, हेडमास्तर चुकले नव्हते, आणि सुकडी तर हवीच होती.

मग शाळा सुटल्यावर आम्ही दोघं बसू लागलो. मी पुस्तकाचं नाव वाचायची, ते जागा सांगायचे. "हे खिडकीकडच्या कपाटात, खालच्या खणात, शब्दकोशाला टेकून." मी ठेवलं की ते हात लावून बघत. मधेच म्हणत, "हे बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही. वाचा की थोडं." मी वाचायची. त्यामुळे काम पुढे सरकत नसे आणि मलाही ते संपायला नको होतं.

खिडकीकडचं कपाट भरलं आणि त्यांची मुलगी दोघांना नगरला न्यायला आली. तिने गुरुजींचा पाय धरून एस.टी.च्या पायरीवर ठेवला. खिडकीत बसल्यावर ते माझ्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाले, "उरलेली तशीच असू द्या, बाई. दिवाळीला येऊन लावू."

दिवाळीच्या आधीच नगरहून निरोप आला. त्या दिवशी शाळा अर्धी सोडली.

सुकडीची पोती नंतर गेली. कपाटं जुन्या खोलीत परत आली. खिडकीकडचं एक कपाट गुरुजींच्या क्रमाने लावलेलं आहे. बाकीच्या कपाटांतली पुस्तकं उंचीप्रमाणे आहेत.