विहिरीपाशी थांबणारा टँकर

दूध कधीच नासत नाही, असे गाव आपण पाहिले आहे काय? मी पाहिले आहे. ते संगणकाच्या पडद्यावर होते.

व्यापाराचा एक गेम आहे. कारखाने काढायचे, माल विकायचा, श्रीमंत व्हायचे. या गेममध्ये माल शेतातून दुकानात क्षणात पोचतो. त्यात फेरफार करून मालाची वाट खरी करायची, असे माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी मनावर घेतले. इमरान शहरालगतच्या चिकलठाण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर. दिनकरचे कन्नडजवळ दूध संकलन केंद्र आहे. घर मात्र चिकलठाण्यात. मी निवृत्त वाणिज्य शिक्षक. व्यवहाराचे नियम तपासायला त्यांनी मला बसवले. दर रविवारी दुपारी, माझे हरिपाठाचे पठण आटोपले की, दिनकरच्या माडीवर आम्ही जमत असू.

किस्से सायीसारखे असतात. पातेले हलवले नाही, तर थर चढत जातो. त्या माडीवर बराच थर चढला.

*

पहिले काम दूध नासवण्याचे!

इमरानने नियम लिहिला आणि गेम सुरू केला. पाहता पाहता साऱ्या शहराचे दूध फाटले. दुकाने ओस पडली, कंपनी बुडाली.

"सर, अपना दूध तो ट्रक में चढने के पहलेच मर गया!" इमरान म्हणाला.

त्याने नियम सैल केला. आता ट्रक सोयगावकडून निघून घाट चढून शहरात वेळेवर येऊ लागला. दिनकरला तेही पटेना.

"तुझा ड्रायव्हर चहाला उतरत नाय. असला ड्रायव्हर मला एक तरी दाखव!"

इमरानने घाटावर हॉटेल बांधले. ड्रायव्हर उतरला तो उतरलाच. दूध पुन्हा फाटले.

दिनकर टाळी वाजवून म्हणाला, "व्हय! आता हा माझा माणूस शोभतो!"

*

दिनकरची आई चहा घेऊन वर येई. सारे तिला माय म्हणत. तिचे माहेर-सासर मेंढपाळांचे. पुढे घरात म्हशी आल्या. एकदा ती पडद्यावरचा गोठा पाहत उभी राहिली.

"सगळं दूध डब्यात घालता. वासराला काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. इमरानने त्याच दुपारी वासराचा वाटा गेममध्ये घातला. नफा घटला. आमचा फेरफार इमरान इंटरनेटवर टाकत असे; तो खेळणाऱ्यांनी गिल्ला केला. एकाने तर मागणीच केली, "वासरू बंद करायचे बटण द्या."

इमरानने ती मायला वाचून दाखवली.

माय म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी तुझ्या लेकराचं बंद कर. मग बघू!"

*

दिनकरने केंद्र काढले ते वडील वारल्यावर, मायच्या म्हशींच्या दुधावर. तिने तेव्हा एकच अट घातली होती. खंडोबापुढे त्याला बेल-भंडारा उचलायला लावला. दुधात पाण्याचा थेंब पडणार नाही, असे त्याच्याकडून वदवून घेतले.

ही हकीकत दिनकरनेच आम्हाला अभिमानाने सांगितली. माय दाराशी होती.

"शपथ मोडली तर देव बघंल," ती म्हणाली. "पर त्याच्या आधी मी बघीन."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

*

वासराचा वाटा, ड्रायव्हरचा चहा, घाटातली खोळंबलेली वाहने: एवढे खरेपण आल्यावर गेममध्ये दूधवाला तगेना. इमरान हताश झाला.

"सरक," दिनकर म्हणाला. "तुला धंदा कळत नाय."

त्याने इमरानला शेजारी बसवून नवा नियम सांगितला. घाट चढून आलेला टँकर रस्त्याकडेच्या एका विहिरीपाशी थांबतो. पंप लागतो. टँकर भरतो. मग दूध पातळ दिसू नये म्हणून काय घालायचे, तेही त्याने सांगितले. कुठेही अडखळला नाही.

"भाई, पानी?" इमरानने विचारले.

"गेम हाय रे! खरं पायजे म्हणत हुतास ना?"

"दिनकर, हे कुठे शिकलास?" मी विचारले.

"मोबाइलवर सगळं दिसतंय, सर."

खरेपणाच्या भरात त्याने विहीरही इमरानकडून हुबेहूब काढून घेतली. काठावर वाकडे उंबर, एका बाजूने ढासळलेले, मोटेचे पाणी पडायचे थारोळे, शेजारी शेंदूर फासलेला दगड.

माय चहा घेऊन आली. ट्रे हातातच राहिला.

"ही आपली कन्नडच्या मळ्यातली विहीर. इथं मी मेंढरं पाजलीत. इथं टँकर कशाला थांबतो?"

"गेम हाय, माय."

"आता वर्सानुवर्स कुणी उपसली नाय ती. कुत्रं पडून मेलं हुतं तिच्यात." ती टँकरकडे बोट करून म्हणाली, "चढावर दूध वाढतं व्हय?"

तिने कप ठेवले आणि ती खाली गेली.

पुढच्या रविवारी चहा कोरा आला. अंगणात केंद्रावरून आलेले दुधाचे कॅन भरून उभे होते.

"माय, दूध?" दिनकरने हाक दिली.

जिन्याखालून उत्तर आले, "घरात दूध नाय!"

*

भेसळीची तक्रार घेऊन मी आणि इमरान अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत गेलो. विहीर कुठे आहे ते सांगितले. पुरावा विचारला, तेव्हा इमरानने लॅपटॉप उघडला. तिथल्या साहेबांनी पडद्यावर टँकर थांबताना पाहिला, भरताना पाहिला, आणि ते पोट धरून हसले.

"सर, गेमचा पंचनामा होत नसतो!"

आम्ही लेखी तक्रार देऊन परतलो. ती टेबलावर पडून राहिली.

त्या पावसाळ्यात दिनकरचे दूध घेणाऱ्या शहरातल्या एका वसतिगृहातील मुली आजारी पडल्या. बऱ्या झाल्या. एक झाली नाही. कागदावर कारण लिहिले गेले: दूषित पाणी.

ते खरेच होते!

त्यानंतर दिनकरच्या टँकरमधल्या दुधाचा नमुना घेतला गेला. दूध कमी प्रतीचे ठरले. दिनकरला दंड झाला, तो त्याने भरला. केंद्र बंद झाले, पुन्हा उघडले. गावात लोक म्हणाले, "सुटला गडी."

*

मायने अंथरूण धरले ते हिवाळ्यात. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. इमरान आणि मी भेटायला गेलो, तेव्हा सकाळचे ऊन तिच्या पायांवर आले होते. मी नामस्मरण करीत बसलो. श्वास लांबत चालला होता.

एकुलता एक लेक. शेवटचे पाणी त्याच्याच हातचे. दिनकर चमचा घेऊन पुढे आला.

"माय, तोंड उघड. पाणी घे."

तिने डोळे उघडले.

"कोणत्या विहिरीचं?"

"गोदावरीचं हाय, माय. पैठणहून आणलंय. देवाशप्पथ!"

तिने ओठ मिटून घेतले. त्याने चमचा टेकवला. पाणी हनुवटीवरून उशीत गेले. त्याने पुन्हा भरला. तिने मान फिरवली आणि इमरानकडे पाहिले.

इमरानने माझ्याकडे पाहिले. मी उशाजवळचा तांब्या त्याच्यापुढे केला.

त्याच्या ओंजळीतले ती दोन घोट प्याली.

दिनकर पायथ्याशी उभा होता, भरलेला चमचा तसाच हातात धरून.