आत कोणी नाही ना?
इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी इंदूरच्या एका संशोधन केंद्रात इंटर्न होते. राहायला राजेंद्र नगरमध्ये, आत्याकडे. रोज सकाळी थंड पाण्याच्या पाइपांचं तापमान बघायचं, पंप नीट चालतायत ना ते पाहायचं, आकडे संगणकात भरायचे. ही कामं जमत होती. धास्ती होती ती एकाच कामाची.

आमचं यंत्र सुरू झालं की त्यातून घातक किरणं निघायची, म्हणून ते जाड काँक्रीटच्या खोलीत ठेवलेलं होतं. सुरू करण्याआधी दोघांनी आत फिरून कोणी राहिलं नाही ना हे पाहायचं, मग लोखंडी दार लावायचं. उजवी बाजू ऑपरेटरकाकांची, डावी माझी. काका इंदूरच्याच मराठी घरातले, बोलण्यात निम्मी हिंदी. "बेटा, घाबरू नको, बस आवाज देत चल," म्हणायचे. मी "कोणी आहे का?" ओरडायचे. उत्तर यायचं नाही, तरी मी घाईघाईनेच बाहेर यायचे.

एके दिवशी एसीचा मिस्त्री सकाळपासून आत काम करत होता. दुपारी बाहेरगावचे पाहुणे प्रयोग बघायला आले. प्रयोग चालवणारे आमचे सर घाईत होते. आम्ही फेरी मारली, दार लावलं, सरांनी धोक्याचा भोंगा सुरू केला. तेवढ्यात माझं लक्ष दाराशेजारच्या फळीकडे गेलं. आत जाणाऱ्याने तिथलं टोकन न्यायचं आणि बाहेर आल्यावर परत लावायचं, असा नियम. एक खिळा रिकामा होता.

एसीच्या डक्टमागे मी वाकून पाहिलं होतं, की नुसतंच पाहिल्यासारखं केलं होतं? काही केल्या आठवेना. भोंगा वाजतच होता. मी पुढे होऊन यंत्र बंद करायचं लाल बटण दाबलं.

भोंगा बंद झाला. सर वळले. "क्या हुआ?"

"सर, मिस्त्रींचं टोकन नाहीये."

"अंदर पूरा देखा था ना?"

"देखा था सर... पण नक्की नाही सांगता येत."

सगळी तयारी पुन्हा करून यंत्र सुरू करायला तासभर तरी जाणार होता. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. दार उघडलं. काका आणि मी धावत आत गेलो. डक्टमागे कोणी नव्हतं. कुठेच कोणी नव्हतं. तरी जिवात जीव येईना, कारण माणूस गेला कुठे?

तो कँटीनमध्ये पोहे खाताना सापडला. टोकन शर्टाच्या खिशात.

"काय भिया," काका इंदुरी थाटात कडाडले, "इकडे आमची जान निघाली, आणि तू पोहे खातोय?"

मिस्त्री आधी हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने टोकन माझ्या हातात ठेवलं.

त्यानंतर सर माझ्याशी बोललेच नाहीत. आता आपली इंटर्नशिप संपली असंच मी धरून चालले होते. संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी थांबले. "कल से टोकन का बोर्ड पहले तुम देखोगी. तुम बोलोगी, तब मशीन चलेगी."

मी मान हलवली. शाबासकी होती की शिक्षा, कळलं नाही. धास्ती मात्र दुप्पट झाली. दुसऱ्या दिवशी मी डक्टमागे वाकून पाहिलं, दोन पावलं पुढे गेले आणि परत फिरून पुन्हा पाहिलं. काका आपली बाजू बघून दाराशी उभे होते. माझं होईपर्यंत त्यांनी दाराला हात लावला नाही.