ईटच्या मंगल कार्यालयात आमचा जॅझ

"तुमच्या संगीताला ढोलकी जोडा, नाहीतर मुंबईत रेकॉर्ड करा. ऐकणारे तिथं आहेत." तिसऱ्या निर्मात्यानंही हेच ऐकवलं, तेव्हा वर्षानं फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाली, "लाइव्ह रेकॉर्डिंग ईटला करायचं. माझ्या गावात."

आम्ही तिघं. वर्षा पियानो वाजवते, समीर ड्रम्स आणि मी डबल बास, म्हणजे माझ्याहून उंच असलेलं चार तारांचं लाकडी वाद्य. एक छोटी सुरावट ठरलेली असते, पुढचं सगळं वाजवता वाजवता सुचेल तसं. ईट हे धाराशिव जिल्ह्यातलं, भूम तालुक्यातलं मोठं गाव. जॅझसाठी तिथं कोण येणार, असं मी विचारलं. "येतील ते," वर्षा म्हणाली आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.

शनिवारी सकाळी पुणं सोडलं. पुढं टेम्पोत गोधड्यांमध्ये गुंडाळलेला पियानो, मागं आमची गाडी. नगर, आष्टी, जामखेड, खर्डा असा रस्ता धरा. आम्ही गेलो तेव्हा खर्ड्याचा भुईकोट मागं पडल्यावर रस्त्याचं काम चालू होतं, आणि प्रत्येक खड्ड्यात वर्षा डोळे मिटून घेत होती. एसटीनं येणार असाल तर जामखेडला किंवा भूमला गाडी बदलावी लागेल. या भागातला खवा प्रसिद्ध आहे. कुंथलगिरीचा पेढा मिळाला तर सोडू नका, आम्ही जेवणाआधीच अर्धा पुडा संपवला.

वर्षाचे वडील, अण्णा, निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरी भाकरी, शिजवलेल्या डाळीच्या पाण्याची म्हणजे येळवणीची आमटी आणि शेंगांची चटणी असं जेवण झालं. अण्णांचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं.

"पुण्यात वाजवतीस ते ठीक आहे," ते म्हणाले. "इथं लोक हसले तर मला उद्या याच गल्लीतनं जायचंय."

"मग ताठ मानेनं जा," वर्षा म्हणाली.

मंगल कार्यालयाचं भाडं पुण्यातल्या स्टुडिओच्या मानानं किरकोळच होतं. प्रवासात बिघडलेले पियानोचे सूर वर्षानं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकेक करून लावले. संध्याकाळी चारला हॉल भरला. मी थक्कच झाले. आवाज नको म्हणून आम्ही पंखे बंद केले आणि तिथंच कुरबुर सुरू झाली.

पहिला तुकडा संपल्यावर पुढच्या रांगेतल्या वर्षाच्या चुलतीनं मोठ्यानं विचारलं, "ह्ये समदं पाठ केलंय व्हय गं?"

"न्हाय काकू, आत्ताच सुचतंय."

"अन् चुकलं तर?"

"तर तिथनंच पुढं जायचं."

"लई अवघड हाय बाई," काकू म्हणाल्या आणि पदरानं वारा घेत नीट बसल्या.

दुसरा तुकडा रंगात आला होता. तेवढ्यात गावातले एक पुढारी उभे राहिले. "ओ ताई, काय वाजवायलात ह्ये? पंखे लावा अन् नाचायचं एखादं गाणं होऊ द्या!"

मागून शिट्ट्या आल्या. वर्षाचे हात थांबले. रेकॉर्डिंग चालूच होतं. ती वळली आणि शांतपणे म्हणाली, "न्हाय. आज आमचंच वाजवणार."

पुढारी निघाले, त्यांच्यामागं जवळजवळ अर्धा हॉल. लोखंडी खुर्च्या फरशीवर करकरत होत्या. आणि त्या करकरीवर समीरनं ड्रमवर तारांचा ब्रश टेकवला. खुर्ची सरकली की तो तिला उत्तर द्यायचा. वर्षानं खालच्या पट्टीत एकच सूर ठोकायला घेतला, जाणाऱ्यांच्या पावलांवर. मीही त्यात शिरले. ते आम्हाला सोडून चालले होते आणि आम्ही त्यांचं जाणंच वाजवत होतो.

मग अण्णा उठले. वर्षानंही पाहिलं, तिची बोटं क्षणभर अडखळली. अण्णांनी आपली खुर्ची उचलली, पियानोपाशी आणून ठेवली आणि हाताची घडी घालून बसले. काकू मागोमाग आल्या. मग बाकीचेही. अर्धा रिकामा हॉल सोडून सगळे आमच्याभोवती गोळा झाले, आणि त्यानंतर आम्ही जे वाजवलं तसं त्याआधी कधीच वाजवलं नव्हतं.

पुण्यात मिक्सिंग करणारा म्हणाला, खुर्च्यांचा आवाज काढता येईल, आणि तो "न्हाय"सुद्धा. आम्ही काहीच काढू दिलं नाही. एवढ्या लांब पियानो नेणं शहाणपणाचं होतं का, असं अजून लोक विचारतात. मी त्यांना तोच तुकडा ऐकवते. लोक उठून जात असताना वाजवत राहता येतं, हे मला ईटला कळलं, आणि आता ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

परवा अण्णांचा फोन आला. रेकॉर्डिंग ते रोज संध्याकाळी अंगणात मोठ्या आवाजात लावतात म्हणे.

"शेजारी काही म्हणत नाहीत?" मी विचारलं.

"पुढाऱ्याचं घर समोरच आहे," अण्णा म्हणाले. "आता स्वतःच्या घरातून उठून कुठं जातोय बघू."