मागच्या चाकावर त्रेपन्न किलो

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आम्ही पारनेरच्या बाजूला राहत होतो आणि माझी पत्नी वर पठारावरच्या वाडीत एकटीच शिक्षिका होती. घरापासून शाळा साडेसात किलोमीटर, त्यातला शेवटचा सव्वादोन किलोमीटर नुसता दगडगोट्यांचा चढ. एस.टी. जात नव्हती. तिच्या भावाने पुण्याहून गिअरची सायकल आणून दिली होती. चढ ती पायांनी जिंकायची, हरायची काट्यांपुढे. शेतकरी कुंपणासाठी बाभळीच्या फेसाट्या, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, वाटेवरून ओढत न्यायचे, आणि गळलेले काटे तिच्या ट्यूबमध्ये सापडायचे.

जून ते नोव्हेंबर सतरा पंक्चर झाले. मी कॅलेंडरवर खुणा करत होतो: मागचं चाक तेरा, पुढचं चार. शाळेची किल्ली तिच्याकडे असे. ती सायकल ढकलत पोचेपर्यंत एकतीस मुलं ओट्यावर बसून राहायची, नाहीतर शेळ्यांमागे निघून जायची. शेवटी तिने बदलीचा अर्ज भरला. महिनाअखेरपर्यंत तो द्यायचा होता. ती शाळा तिला मनापासून आवडायची, पण म्हणाली, "मुलांना दाराबाहेर बसवून मला नोकरी करायची नाही."

माझ्या हातात तीन आठवडे होते. नगरच्या सायकलवाल्याकडून, न चालल्यास परत घेण्याच्या बोलीवर, मी तीन तऱ्हेचे टायर आणले आणि किराणा दुकानात तोलले. वर रबराच्या मोठ्या गोट्या असलेला जाड टायर साडेअकराशे ग्रॅम, मधला आठशे चाळीस, हलका सहाशे साठ. मला इतका आनंद झाला होता, की दुकानदाराला मी ते आकडे दोनदा वाचून दाखवले.

आधी दोन्ही चाकांना जाड टायर घातले. सहा दिवसांत एकही पंक्चर नाही. पण गोट्या चढाला चिकटून बसायच्या. एकेचाळीस मिनिटांच्या वाटेला अठ्ठावन्न लागू लागली. उशीर तो उशीरच.

मग हलके. या वेळी मी आधी परीक्षा घेतली. फळीवर चाळीस काटे उभे बसवले आणि हलक्या टायरचं चाक हाताने वीस वेळा फिरवून नेलं. हवा जराही गेली नाही. मी अंगणातून ओरडूनच तिला बोलावलं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच शेताच्या बांधाला मागचं चाक बसलं.

संध्याकाळी तिने माझा परीक्षेचा कागद मागितला. टायरचं वजन, हवा, काट्यांची लांबी, सगळं नीट वाचलं आणि एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे काय राहिलं?"

तिथे तिचं वजन यायला हवं होतं. विचारायला मला संकोच वाटला होता.

"अहो, काट्यावरून चाक एकटं जातं का? वर मी बसलेली असते."

सकाळी ती मला घेऊन थेट भुसार दुकानात गेली. तिथे पोती तोलायचा सपाट काटा होता. दुकानदार म्हातारा, तो म्हणाला, "बाई, हा पोत्याचा काटा हाय. माणसं न्हाई तोलत आमी."

"पोतं समजा आणि तोला."

हमाल हसले. ती वहीपुस्तकांची पिशवी कॅरिअरला लावून सायकलवर बसली. दोन हमालांनी बाजूने तोल धरला. आधी मागचं चाक काट्यावर, पुढच्याखाली तेवढ्याच उंचीचं लाकूड, मग उलट. मागे त्रेपन्न, पुढे पंचवीस. मग ती, सायकल आणि पिशवी वेगवेगळी तोलली: छप्पन्न, सतरा, पाच. अठ्ठ्याहत्तरला अठ्ठ्याहत्तर. मी आकडे त्याच कागदावर उतरवून घेतले.

दोन्ही टायर सारखेच हवेत हे मी कुठल्या आधारावर धरून चाललो होतो? मागच्या चाकावर पुढच्याच्या दुपटीहून जास्त भार, आणि तेरा पंक्चर तिथेच. म्हणून मागे मधला टायर, आत जुन्या ट्यूबची पट्टी, तिचे ऐंशी ग्रॅम. पुढे हलका. पट्टीसकट जोडी पंधराशे ऐंशी, म्हणजे जाड जोडीपेक्षा सातशे वीस ग्रॅमने कमी, आणि चढाला चिकटणाऱ्या गोट्याही गेल्या. या वेळी फळीवरून ती स्वतः सायकल घेऊन गेली, वीस वेळा, पिशवीसकट. आम्ही दोघं चाकाला कान लावून बसलो. काही नाही.

सोमवारी मी माझ्या साध्या सायकलवर तिच्या मागे निघालो. चढाच्या पहिल्या वळणावर मी उतरलो, ती उतरली नाही. घामाघूम होऊन वर पोचलो तेव्हा शाळेचं दार उघडं होतं आणि मुलांचा पाढा आतून ऐकू येत होता. फळ्याच्या कोपऱ्यात तिने माझ्यासाठी वेळ लिहून ठेवली होती: बेचाळीस मिनिटं.

महिनाअखेरीपर्यंत पुढचं चाक एकदा बसलं, मागचं एकदाही नाही. अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी मी सकाळपासून तिच्याकडे बघत होतो, विचारायचं धाडस होत नव्हतं. ती केसांना पिन लावत म्हणाली, "नगरला जाल तेव्हा मागचा अजून एक आणून ठेवा. हा पुढच्या दिवाळीपर्यंतच पुरेल." आणि किल्ली घेऊन निघाली.