बिनक्लचची मोटारसायकल

ट्रॅक्टर मागच्या हंगामापासून गोठ्याशेजारी उभा होता आणि आमचे हे त्याच्याकडं पाठ करून जेवायचे. मागच्या वर्षी कालव्याच्या पुलाच्या चढावर उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या वजनानं ट्रॅक्टरनं तोंड उचललं, पुढची चाकं हवेत गेली, सगळं धूड मागं घसरलं आणि कडेच्या चारीत कलंडलं. ह्यांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. "ब्रेक लागला न्हाय," एवढंच ते म्हणाले. मिस्त्रीनं ब्रेक खोलून बघितला, त्यात काही खोट निघाली नाही. पण तो विषय घरात कुणी काढला नाही.

यंदा आमच्या उसाला तोड आली, तसे सासरे म्हणाले, "ह्या खेपेला ह्यो ट्रॅक्टरवर बसला तर बसला, न्हायतर इकून टाकतो. दारात शोभंला ठिवायचा हाय व्हय?" आबा एकदा बोलले की बोलले. लोखंड गेल्याचं मला दुःख नव्हतं. पण हा माणूस मिसरूड फुटायच्या आधीपासून स्टिअरिंगवर वाढलेला. ट्रॅक्टर गेला तर हा कायमची खाट धरील, ही मला धास्ती होती.

त्याच आठवड्यात लेकीनं गेमचा डबा आणून टीव्हीला जोडला. इंदापूरच्या माझ्या भाच्यानं नवा घेतला होता, जुना हिला दिला. त्यात एकच खेळ होता, मोटारसायकलच्या कसरतींचा. उभे चढ, डुगडुगत्या फळ्या, लोखंडी पिंपं, आणि त्यांच्यावरून एका हेल्मेटवाल्यानं गाडी न्यायची. जरा गॅस जास्त झाला की पुढचं चाक वर, गाडी उलटी आणि गडी पाठीवर. बटण दाबलं की लगेच ताजातवाना होऊन पुन्हा गाडीवर. मी म्हटलं, "ह्याच्या घरी रडायला कुणी न्हाय वाटतं!"

हे दुपारचे कॉटवर पडले होते. पडद्यावर एक चढ लागला, चाक उचललं, तसे ताडकन उठून पाय खाली सोडून बसले.

"पुढं वाकव त्येला," लेकीला म्हणाले.

"वाकवतीय की! सोपं वाटतं का, पप्पा? तुमीच करून दावा."

"दे हिकडं."

मी शेंगा फोडत होते, तो हात थांबला. वर्षभरात ह्यांनी स्वतःहून काही हातात घेतलेलं मी पहिल्यांदा बघत होते. ह्यांनी गाडी चढाला लावली. चाक उचललं, गडी पाठीवर. पुन्हा लावली, पुन्हा तेच. कपाळावर घाम आला, दात आवळले गेले. खेळ कसला, परीक्षाच ती. लेक हसायला लागली.

"पप्पा, पाय काय आपटताय? ह्या गाडीला क्लच न्हाय!"

मी खाली बघितलं. चाक उचललं की ह्यांचा डावा पाय फरशीवर करकचून दाबला जात होता. उजवा मात्र नुसता पडून होता, जागचा हलत नव्हता.

आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ट्रॅक्टरनं तोंड उचललं की क्लच दाबायचा, म्हणजे पुढचं खाली येतं. पण चढावर त्याच वेळी उजव्या पायानं ब्रेक दाबावा लागतो, नाहीतर ट्रॉल्या मागं ओढून नेतात. ब्रेकला काही झालंच नव्हतं. मला रागही आला आणि रडूही. खोटं बोलले म्हणून नाही, वर्षभर एकट्यानं गिळून बसले म्हणून.

"अहो," मी हळूच म्हटलं, "उजवा."

ह्यांचे हात थांबले. पडद्यावरचा गडी पाठीवर पडून राहिला. लेकीचं हसू मावळलं.

"भ्यालो व्हतो गं," हे म्हणाले. "पाय ब्रेकवर गेलाच न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न सांगता ते ट्रॅक्टरवर बसले. दुपारपर्यंत दोन्ही ट्रॉल्या भरल्या आणि पुलाच्या पायथ्याशी येऊन ट्रॅक्टर थांबला. तोंड उचलू नये म्हणून अशा वेळी पुढच्या बंपरवर एखादा गडी बसवायची आमच्याकडं पद्धत. मागच्या वर्षीचं बघितलेलं, त्यामुळं कुणी पुढं येईना. आबा काठावर उभे होते. मी पदर खोचला आणि बंपरवर जाऊन बसले.

"उतर," हे वरून ओरडले.

"न्हाय उतरणार. चला."

इंजिन धडधडत होतं, माझ्या पाठीला त्याची धग लागत होती. मान वळवून बघितलं तर ह्यांचा चेहरा पांढराफटक. मग इंजिन बंद झालं. संपलं, मला वाटलं, आता ट्रॅक्टर गेला.

हे खाली उतरले, मागं गेले. मागच्या ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले आणि पिन उपसून ती ट्रॉली सोडली.

दोन ट्रॉल्या घेऊन पूल चढणं म्हणजे आमच्याकडं इभ्रत. आबा कडाडले, "एक ट्रॉली तर बैलंबी वढत्यात! लोकं हसत्याल!"

"हसू द्या, आबा. दोन खेपा करीन." मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "उतर आता. तुला पुन्यांदा उठवायचं बटण न्हाय माझ्याकडं."

मी उतरले. ट्रॅक्टर चढाला लागला. पुढची चाकं जमिनीलाच होती, तरी पूल ओलांडेपर्यंत मी त्यांच्यावरून नजर काढली नाही. सोडलेल्या ट्रॉलीपाशी मी उभी राहिले, हे परत येईपर्यंत.