दमणीचा आस

पेन्शनीत येऊन मला बरीच वर्षे झाली. नोकरीतली मोठमोठी प्रकरणे आता पुसट झाली आहेत, पण कल्याणला फौजदार असताना आलेली एक साधी तक्रार अजून मनातून जात नाही.

तक्रारदार निवृत्त कारकून होते. पत्नी वारल्यावर त्यांनी बैल विकले. मग दमणी, म्हणजे माणसे नेणारी हलकी बैलगाडी, विकायला काढली. गाड्यांचा एक दलाल चालवून पाहतो म्हणून आपले बैल जुंपून ती घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: आस, म्हणजे दोन्ही चाकांमधला लोखंडी दांडा, मोडका निघाला; जळणाच्या भावाने देत असाल तर ठेवतो.

"गाडी जुनी आहे. छत गळतं, डावं चाक डगमगतं. हे मीच त्याला सांगितलं," ते म्हणाले. "पण आस धड होता."

"धड होता हे कोणी पाहिलंय? घरचं कोणी?"

"पाहणारी होती, ती गेली."

मी तक्रार लिहून घेतली, पण मनात म्हटले, म्हाताऱ्याला विसर पडला असेल. ते मात्र रोज दुपारी येऊन बाकावर बसत. काही विचारत नसत. हवालदाराने पाणी दिले की भांडे दोन्ही हातांनी धरून सावकाश पीत.

आठवड्याने डोंबिवलीकडचा एक लोहार आपणहून आला. "साहेब, दमणीच्या तक्रारीचं कानावर आलं. त्या दलालाचे याआधी दोन आस मी जोडून दिले. दोन्ही चाकाजवळ, एकाच जागी तुटलेले. उद्या माझ्यावर यायला नको."

पंच घेऊन मी दलालाच्या वखारीत गेलो. लोहाराने दमणीच्या आसावरचे वंगण पुसले. वरचा अर्धा भाग सरळ कापलेला आणि चकचकीत; खालचा तेवढा खडबडीत तुटलेला.

"गाडी आदळली, तेव्हा मोडला," दलाल म्हणाला.

"कुठे?"

"भिवंडीच्या रस्त्यावर."

त्याच्या गड्याला बाजूला नेऊन तेच विचारले. तो म्हणाला, खाडीच्या उतारावर. दोघांना समोरासमोर उभे केले, तेव्हा गड्याने मान खाली घातली. "मालकानी सांगितलं कानस मार. मी मारली."

दलालाला शिक्षा झाली, त्याच्याकडून नवा आसही बसवून घेतला. मी कारकुनांना सांगितले, दोष आधी सांगा, पण किमतीवरून हलू नका. गिऱ्हाईक म्हणून एक वैद्य आले. छत, चाक, सगळे ऐकून हसले. "तुम्हीच सांगितल्यावर मी काय शोधू?" कारकुनांनी मागितली ती किंमत त्यांनी दिली.

दुसऱ्या दुपारी कारकून पुन्हा बाकावर बसलेले दिसले.

"काही राहिलं का?" मी विचारले.

"नाही. सवय झाली होती."

मी बरं म्हणालो आणि कागदांत डोके घातले. मान वर केली तेव्हा ते गेले होते. पुन्हा आले नाहीत.

एकट्या माणसाला साक्षीदार नसतो, म्हणून त्याचे म्हणणे हलके समजू नये, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पुढच्या नोकरीत ते पाळलेही. आता माझेही घर रिकामे आहे. सकाळी मी दार उघडले की नाही, हे सांगू शकेल असे कोणी नाही. त्या दुपारी दोन घटका त्यांच्याशेजारी बसायला हवे होते, हे कळायला मला एवढी वर्षे लागली.